फुलोरा आला, फळ का धरले नाही? : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच तक्रारीची आहेत. झाडाला फुलोरा भरपूर आला, फळ मात्र धरले नाही. प्रत्येक पत्रातील झाड वेगळे आणि गाव वेगळे असले, तरी संशय बहुधा खतावर, हवेवर किंवा मधमाशीवर घेतलेला आहे. हा संशय नेहमीच चुकीचा असतो असे नाही. परंतु पराग फुलावर पोहोचल्यानंतर आत काय घडते, याचा विचार बहुतेक पत्रांत आढळला नाही. म्हणून या वेळच्या उत्तरांत भर त्यावरच दिला आहे.

प्रश्न : आम्ही तीन वर्षांपूर्वी ‘ॲना’ जातीच्या सफरचंदाची शंभर कलमे लावली. या वर्षी झाडे फुलांनी भरून गेली. मधमाश्यांच्या दोन पेट्या ठेवल्या होत्या आणि माश्याही फुलांवर दिसत होत्या. तरीही बहुतेक फुले गळाली आणि साऱ्या बागेत मोजकीच फळे राहिली. रोपे देणाऱ्याने एकच जात पुरेशी आहे असे सांगितले होते. चूक खताची की हवेची? — एक शेतकरी, सोलापूर जिल्हा

उत्तर : खत आणि हवा यांच्याकडे नंतर वळू. आधी बागेत झाडे किती आहेत ते मोजले पाहिजे. आपल्या हिशेबाने ती शंभर आहेत. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने मात्र तेथे एकच झाड आहे. कलमाचा खुंट कोणताही असो, त्यावर भरलेली काडी मूळच्या एकाच ‘ॲना’ झाडाची असते आणि शंभर कलमांवरच्या सर्व फुलांत तीच जनुके असतात. त्यामुळे मधमाशीने पहिल्या ओळीतला पराग दहाव्या ओळीत नेऊन टाकला, तरी झाडाच्या दृष्टीने ते स्वपरागणच ठरते, आणि सफरचंदाचे फूल स्वतःचा पराग सहसा स्वीकारत नाही.

हा नकार कोठे आणि कसा दिला जातो, ते पाहण्यासारखे आहे. सफरचंदाच्या फुलात पाच कुक्षी, म्हणजे पराग टिपून घेणारी टोके, असतात. त्यांच्यावर पडलेला परागकण ओलावा शोषतो, फुगतो आणि त्यातून परागनलिका बाहेर पडते. येथपर्यंत आपला आणि परका असा भेद होत नाही. दोन्ही पराग सारखेच रुजतात. पुढे ही नलिका कुक्षीखालच्या दांड्यातून, म्हणजे कुक्षिवृंतातून, बीजांडाकडे वाढू लागते. परक्या परागाची नलिका तळापर्यंत जाते, तर स्वतःच्या परागाची नलिका वरच्या भागातच मंदावते, तिचे टोक फुगते आणि ती थांबते. कुक्षिवृंत ॲनिलिन ब्लू या रंगद्रव्यात बुडवून अतिनील प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर नलिकांच्या भिंतीतील कॅलोज नावाचे द्रव्य चमकू लागते आणि वाटेत अडलेल्या नलिका स्पष्ट दिसतात.

त्यांना अडवते ते कुक्षिवृंताच्या पेशींनी नलिकेच्या वाटेवर सोडलेले एक प्रथिन. त्याचे नाव एस-आरएनएज. हे प्रथिन म्हणजे आरएनए कापणारे विकर, आपण ज्याला एंझाइम म्हणतो ते. त्याचा शोध फळझाडात लागला नाही. मेलबर्न येथे ॲड्रिएन क्लार्क यांच्या गटाने तंबाखूच्या एका शोभिवंत भाऊबंदात १९८६ मध्ये या प्रथिनाचे जनुक वेगळे केले. त्या वेळी ते नेमके काय काम करते हे कोणालाच ठाऊक नव्हते. पुढे त्याची रचना जपानमध्ये सोयासॉस आणि साके यांसाठी वापरल्या जाणाऱ्या कोजी बुरशीतील आरएनए कापणाऱ्या विकराशी जुळते असे लक्षात आले, आणि १९८९ मध्ये हे प्रथिनही तेच काम करते हे सिद्ध झाले. सफरचंद, नासपती, चेरी, बदाम या गुलाबकुलातील फळझाडांत नंतर हीच यंत्रणा सापडली. तंबाखू आणि सफरचंद यांचे नाते फार दूरचे असूनही त्यांची ‘द्वारपाल’ प्रथिने एकाच घराण्यातली निघावीत, ही माझ्या मते या सर्व कहाणीतील सर्वांत विलक्षण गोष्ट आहे.

आता खरी गंमत पाहा. हे विकर आपल्या आणि परक्या, दोन्ही परागांच्या नलिकांत शिरते. मग परकी नलिका वाचते कशी? परागाजवळ एफ-बॉक्स नावाच्या प्रथिनांचा एक संच असतो. ही प्रथिने एस-आरएनएज ओळखतात आणि त्यावर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाचा शिक्का मारण्याची व्यवस्था करतात. असा शिक्का बसलेले प्रथिन पेशीच्या प्रोटिएझोम नावाच्या चक्कीत भरडले जाते आणि विष निकामी होते. प्रत्येक एफ-बॉक्स प्रथिनाला काही ठरावीक प्रकारचेच एस-आरएनएज ओळखता येतात, म्हणून पराग किल्ल्यांचा जुडगा घेऊनच येतो. मात्र त्या जुडग्यात स्वतःच्या घरच्या कुलपाची किल्ली तेवढी नसते. त्यामुळे स्वतःच्याच झाडाच्या कुक्षिवृंतात आलेला पराग विषासमोर निरुपाय होतो, त्याच्या नलिकेतील आरएनए तुटत जाते, नवी प्रथिने बनणे बंद पडते आणि वाढ खुंटते. अनेक किल्ल्यांची ही कल्पना जपानी संशोधकांनी २०१० मध्ये पेटुनियाच्या फुलावर दाखवून दिली, आणि सफरचंद व नासपती यांच्या बाबतीतही पुरावे त्याच दिशेने जातात.

कुलूप (एस-आरएनएज) आणि किल्ल्या (एफ-बॉक्स) यांची जनुके गुणसूत्रावर एकमेकांना चिकटून असतात. सफरचंदात हे ठिकाण सतराव्या गुणसूत्रावर आहे. त्याला एस-स्थान म्हणतात आणि त्याच्या निरनिराळ्या प्रकारांना क्रमांक दिलेले आहेत. झाडात दोन प्रकार असतात, परागकणात त्यांपैकी एकच येतो. ‘गोल्डन डेलिशस’ मध्ये एस-२ व एस-३ आहेत, ‘गाला’मध्ये एस-२ व एस-५, तर ‘फुजी’मध्ये एस-१ व एस-९. म्हणून ‘गोल्डन डेलिशस’च्या फुलावर ‘फुजी’चा सर्वच पराग चालतो, ‘गाला’चा निम्मा चालतो, कारण एस-२ चे कण अडतात, आणि स्वतःचा एकही चालत नाही. परदेशात बाग आखताना हे क्रमांक पाहूनच शेजारी ठरवले जातात.

आपल्या बागेपुरते सांगायचे तर ‘ॲना’सोबत ‘डॉर्सेट गोल्डन’ लावण्याची शिफारस सर्वत्र केली जाते. दोन्हींना थंडी कमी लागते आणि दोन्हींचा फुलोरा साधारण एकाच वेळी येतो. झाडे उपटण्याची गरज नाही. ठरावीक अंतरावरच्या झाडांच्या एक-दोन फांद्यांवर ‘डॉर्सेट गोल्डन’चे डोळे भरले तरी काम भागते. आपल्याला मोजकी का होईना फळे मिळाली, याचे कारण ही अडवणूक सर्वच जातींत आणि सर्वच हवामानात सारखी कडक नसते. राहिली हवा : फुलोऱ्याच्या दिवसांत ऊन तापले तर कुक्षी लवकर सुकते आणि परका परागही उपयोगी पडत नाही, तेव्हा पानगळ आणि छाटणी यांची तारीख ठरवताना हे ध्यानात ठेवावे. खताला या प्रकरणात मी निर्दोष सोडतो.

प्रश्न : सिमल्याजवळच्या कोटगढ भागात गेल्या वर्षी एप्रिलमध्ये फिरताना सफरचंदाच्या झाडांवर पाण्याच्या पिशव्यांत खोचलेल्या फुलांच्या फांद्या टांगलेल्या दिसल्या. बागमालकाकडे रॉयल, रिचरेड, स्टार्किंग आणि ओरेगन स्पर अशा चार जाती होत्या. चार जाती असताना बाहेरून फांद्या आणण्याची वेळ का यावी? — एक वाचक, पुणे

उत्तर : कारण त्या चार जाती नाहीत, एका झाडाची चार नावे आहेत. अमेरिकेतील आयोवा राज्यात जेसी हाइअट नावाच्या शेतकऱ्याच्या बागेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपोआप उगवलेले एक रोप पुढे ‘रेड डेलिशस’ म्हणून प्रसिद्ध झाले, आणि हिमाचलात स्थायिक झालेले अमेरिकन सॅम्युएल स्टोक्स यांनी १९१६ च्या सुमारास ते कोटगढला आणले. आपण पाहिलेल्या चारही जाती त्याच्या फांद्यांवर अचानक उद्भवलेले फेरबदल आहेत. एखाद्या डोळ्यातील पेशीत रंगाचे जनुक बदलले आणि त्या फांदीची फळे अधिक लाल झाली, किंवा वाढीचे जनुक बदलले आणि फांदी आखूड, फळकाठ्यांनी भरलेली झाली. अशा फांदीची कलमे बांधून तिला नवे नाव मिळाले. एस-स्थानाला मात्र कोणी हात लावलेला नाही. चौघींतही एस-९ आणि एस-२८ हीच जोडी आहे आणि म्हणून त्या एकमेकींना परक्या ठरत नाहीत.

टांगलेल्या फांद्या बहुधा ‘गोल्डन डेलिशस’, ‘रेड गोल्ड’ किंवा रानटी सफरचंदाच्या असतात. हा उपाय वेळ मारून नेणारा असला, तरी शास्त्राच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे. परागदाता निवडताना आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते. ‘जोनागोल्ड’सारख्या जातींत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात, तीन संचांची समान वाटणी होत नसल्यामुळे त्यांचा पराग बहुतांशी निकामी निघतो. असे झाड दुसऱ्यांकडून पराग घेते, पण देऊ शकत नाही.

प्रश्न : आमच्या घरामागे ‘बिंग’ आणि ‘लॅम्बर्ट’ अशी चेरीची दोन झाडे आहेत. त्या खरोखरच वेगळ्या जाती आहेत, एकीला दुसरीची फांदी म्हणता येणार नाही. फुलेही एकाच वेळी येतात. पण फळे नाहीत. शेजाऱ्यांनी ‘स्टेला’ लावायला सुचवले आहे. ती आपली आपण फळते म्हणतात. ते कसे? — एक वाचक, सिएटल, अमेरिका

उत्तर : आपला प्रश्न मागील दोन्ही प्रश्नांच्या एक पाऊल पुढचा आहे. ‘बिंग’ आणि ‘लॅम्बर्ट’ ही निश्चितच दोन स्वतंत्र झाडे आहेत. ‘बिंग’ ही ओरेगनमधील मिल्वॉकी येथे १८७५ मध्ये निवडली गेली आणि तिला बागेतील चिनी मुकादमाचे नाव मिळाले. मात्र दोघींच्या वाट्याला एस-३ व एस-४ हेच दोन प्रकार आले आहेत. चव, रंग, आकार ही सारी जनुके वेगळी असूनही कुक्षिवृंत त्यांच्याकडे पाहत नाही. तो एस-स्थान तेवढे वाचतो आणि आडनाव जुळले म्हणून स्थळ नाकारणाऱ्या वडीलधाऱ्यांप्रमाणे पराग परत पाठवतो. ‘नेपोलियन’ ही जुनी पिवळी चेरीही याच गटातील आहे, तेव्हा ती लावूनही उपयोग होणार नाही. ‘रेनियर’मध्ये एस-१ व एस-४ आणि ‘व्हॅन’मध्ये एस-१ व एस-३ आहेत, या दोघींच्या निम्म्या परागात एस-१ असते आणि तेवढे पुरेसे ठरते.

‘स्टेला’ची गोष्ट वेगळी आहे. इंग्लंडमधील जॉन इन्स संस्थेत डॅन लुइस यांनी गेल्या शतकाच्या मध्यास चेरीच्या परागावर क्ष-किरण सोडून, स्वतःच्याच जातीचे कुक्षिवृंत ओलांडू शकेल असा एखादा कण बदलतो का, ते पाहिले. लाखो कणांतून एखादाच पार होतो आणि जो पार होतो त्याचेच बी धरते, म्हणजे निवडीचे काम फूल स्वतःच करते; प्रयोगाची ही मांडणी मला अतिशय देखणी वाटते. अशा एका रोपाचा कॅनडातील समरलँड येथे कार्लिस लॅपिन्स यांनी ‘लॅम्बर्ट’शी संकर केला आणि त्यातून १९६८ मध्ये ‘स्टेला’ प्रसारित झाली. म्हणजे आपल्या घरामागची ‘लॅम्बर्ट’ ही नात्याने तिची आईच आहे.

नेमके काय बदलले होते, ते कळायला २००४ साल उजाडावे लागले. एस-४ प्रकारातील परागाच्या एफ-बॉक्स जनुकातून डीएनएची केवळ चार अक्षरे गळून पडली आहेत. जनुकाची अक्षरे तीन-तीनच्या गटाने वाचली जातात; चार गळाली की पुढचे सगळे वाचन सरकते आणि प्रथिन अर्धवट राहते. येथे चाणाक्ष वाचक अडखळेल. सफरचंदाच्या उत्तरात एफ-बॉक्स ही किल्ली होती. किल्ली मोडल्यावर दार उघडते कसे? चेरी, बदाम, आलुबुखार यांच्या घराण्यात व्यवस्था उलटी असल्याचे यावरून दिसते. तेथे सर्वच एस-आरएनएज निकामी करणारी एक सर्वसाधारण यंत्रणा परागात असावी आणि हे विशिष्ट एफ-बॉक्स प्रथिन स्वतःच्या एस-आरएनएजला त्या यंत्रणेपासून वाचवत असावे, असा तर्क केला जातो. राखणदार गेला की विष उघड्यावर पडते आणि भरडले जाते. एकाच कुलातील दोन शाखांनी तेच सुटे भाग वापरून दोन वेगळी यंत्रे उभारली आहेत.

स्वतःहून फळण्याची दुसरीही वाट आहे. जपानमधील तोत्तोरी भागात ‘निजिस्सेइकी’ या नासपतीच्या एका झाडाला हाताने परागण न करताही फळे धरू लागली. तपासल्यावर तिच्या एस-४ प्रकारातील एस-आरएनएजचे जनुकच नाहीसे झालेले आढळले. ‘स्टेला’त बदल परागाच्या बाजूला झाला, येथे कुक्षिवृंताच्या बाजूला. आपल्याला व्यावहारिक उत्तर हवे असेल तर : ‘स्टेला’ लावावी. तिच्या निम्म्या परागात बदललेला एस-४ असतो, त्याला ‘बिंग’ आणि ‘लॅम्बर्ट’ अडवू शकत नाहीत, त्यामुळे एका झाडाने तीन झाडांची सोय होईल.

प्रश्न : आमच्या हापूसच्या बागेच्या कडेला जुनी रायवळ झाडे आहेत. त्यांचा पराग लागून हापूस आंबट होतो, म्हणून ती तोडावीत असा सल्ला काही जण देतात. यात तथ्य आहे का? — एक बागायतदार, देवगड तालुका

उत्तर : तथ्य नाही. आंब्याची साल आणि गर अंडाशयाच्या भिंतीपासून बनतात, कोयीचे टणक कवचही त्याच भिंतीचा आतला थर असतो. ही भिंत आईची, म्हणजे हापूसची. त्यात परागाचे एकही जनुक नसते. वडिलांचा वाटा असतो तो कोयीच्या आतल्या अंकुरात. म्हणूनच हापूसची कोय पेरली तर हापूस मिळत नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘रत्ना’ ही जात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून आली. संकर केला त्या हंगामात नीलमच्या झाडावर लागलेले फळ चवीला नीलमच होते आणि ‘रत्ना’ त्याच्या कोयीत दडलेली होती. काही बहुभ्रूणी जातींत मात्र कोयीत आईच्याच ऊतींपासून जादा अंकुर तयार होतात आणि ते आईसारखेच निघतात. खुंटासाठी वापरली जाणारी ‘वेल्लईकोलंबन’ ही अशी जात आहे.

परागाचा परिणाम आईच्या ऊतींवर कधीच होत नाही, असेही म्हणता येणार नाही. खजुरात नराचा पराग बदलला तर फळाचा आकार आणि पिकण्याचा काळ बदलतो. वनस्पतिशास्त्रज्ञ स्विंगल यांनी १९२८ मध्ये या प्रकाराला ‘मेटाझेनिया’ असे नाव दिले. वाढत्या बियांतून बाहेर पडणारी संप्रेरके हे त्याचे कारण मानले जाते. परंतु गोड आंब्याला आंबट करण्याइतकी ही सत्ता नाही.

उलट रायवळ झाडे राखावीत असे माझे मत आहे. उत्तरेकडील दशहरी, लंगडा, चौसा या जाती स्वतःच्या परागाने फळत नाहीत हे १९६० च्या दशकापासून ज्ञात आहे आणि तेथे परक्या जातीचे झाड जवळ असणे गरजेचे ठरते. आंब्याच्या मोहोरावर काम करणाऱ्या कीटकांत मधमाश्यांपेक्षा निरनिराळ्या माश्यांचा वाटा मोठा असतो आणि रायवळांच्या मोहोरावर त्या पोसल्या जातात. हापूसला कमी फळ धरत असेल तर मोहोरात उभयलिंगी फुले किती आणि केवळ नर फुले किती, हे आधी मोजावे. नर फुलाला कोणाचाही पराग लागला तरी त्याचा आंबा होणार नाही. आणि मोहोर पूर्ण उमललेला असताना कीटकनाशक फवारू नये.

प्रश्न : सीताफळातही असाच एस-आरएनएज असतो का? — एक विद्यार्थिनी, बीड

उत्तर : सीताफळाची अडचण रेणूंपेक्षा घड्याळाची आहे. त्याचे फूल आधी मादी अवस्थेत असते आणि पराग नंतर सुटतो. तोपर्यंत त्याच फुलाची कुक्षी स्वीकारण्याच्या स्थितीत उरत नाही. एका फुलाचा पराग ब्रशने दुसऱ्या, नुकत्याच उमलू लागलेल्या फुलाला लावला तर त्याच झाडावर फळ धरते. निसर्गात हे काम लहान भुंगेरे करतात, आणि त्यांनी ते अर्धवट केले की फळ वेडेवाकडे होते.

प्रश्न : बिनबियांची द्राक्षे परागणाशिवाय धरतात, तर सफरचंदही तसे करता येणार नाही का? मग हा सगळा खटाटोपच संपेल. — एक द्राक्ष बागायतदार, तासगाव

उत्तर : प्रश्नाचा पहिला अर्धा भाग दुरुस्त करावा लागेल. ‘थॉम्सन सीडलेस’ला परागण लागते, फलनही होते, बी तयार होण्यास सुरुवात होते आणि मग ते मध्येच खुंटते. तोपर्यंत त्याने सोडलेल्या संप्रेरकांवर मणी धरलेला असतो, म्हणून पुढे जिबरेलिक ॲसिड या संप्रेरकात घड बुडवून तो फुगवावा लागतो. बी खुंटण्याचे कारण २०१८ मध्ये नेमके सापडले : बीजकवच घडवणाऱ्या एका नियंत्रक जनुकात एक अक्षर बदलले आहे आणि त्यामुळे प्रथिनातील एक अमिनो आम्ल बदलते. आपल्याकडील ‘तास-ए-गणेश’ ही ‘थॉम्सन’चीच पुढची फांदी असल्याने तिच्यातही तोच बदल आला आहे. परागणाशिवाय खरोखर फळ धरणारे झाड पाहायचे असेल तर ते पुरंदरचे अंजीर.

सफरचंदातही असे झाड आहे, आणि ते कोणी घडवलेले नाही. ‘स्पेन्सर सीडलेस’, ‘वेलिंग्टन ब्लूमलेस’ आणि ‘रे इम’ या जुन्या जातींच्या फुलांना पाकळ्या नसतात आणि पुंकेसरही नसतात. तरीही त्यांना बिनबियांची सफरचंदे लागतात. न्यूझीलंडमधील संशोधकांनी २००१ मध्ये दाखवले की या जातींत पाकळ्या व पुंकेसर घडवणाऱ्या एका जनुकात डीएनएचा एक भटका तुकडा येऊन बसला आहे आणि ते जनुक बंद पडले आहे. एकाच जनुकाच्या बंद पडण्याने फूल अर्धे होते आणि फळ परागाची वाट पाहणे सोडून देते. पण ही फळे खाण्यासाठी कोणी लावत नाही. बाजारातील सफरचंदाची चव आणि आकार त्यांच्यात नाही. शिवाय बिया कमी असलेले सफरचंद एका अंगाने खुजे राहते हे कोणत्याही बागेत दिसते, कारण ज्या कप्प्यात बी नाही त्या बाजूला गर वाढवणारे संप्रेरकही कमी पोहोचते. आपल्या द्राक्षाला जे बाहेरून बुडवून द्यावे लागते, ते सफरचंदाच्या बिया आतून देत असतात.